आधी त्या प्रांताला काय हवंय ते बघ

अरे,

तुझा मेसेज शांतपणे वाचला. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे केंद्र सरकारच्या पॉइंटवाल्या निवडीत, स्कोअर कमी पडतोय तर पीएनपीने, म्हणजे प्रांताच्या नॉमिनेशनने कॅनडाचं काम होईल का, आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कन्सल्टन्सीवाल्याने सांगितलं की नॉमिनेशन आलं की सहाशे पॉइंट मिळतात आणि झालंच समज, ते खरं का, असं तू विचारलंयस. सहाशेचं खरंय. सीआरएस, म्हणजे एक्स्प्रेस एंट्रीचा स्कोअर, एकूण १२०० चा असतो, त्यातले ६०० नॉमिनेशनचे, त्यामुळे ते मिळालं की पुढचं पीआरच्या (कायम राहायच्या परवानगीच्या) अर्जाचं इन्व्हिटेशन जवळपास ठरलेलंच. पण हे सहाशे कोण देतं आणि कशासाठी देतं ते त्याने तुला सांगितलेलं दिसत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

कसंय बघ, बाहेरून येणारा जो तो टोरांटो, व्हँकुव्हर, मॉन्ट्रियल धरायचा आणि मॅनिटोबासारख्या प्रांतांत कारखान्याला माणूस मिळायचा नाही, म्हणून प्रांतांनी केंद्राशी करार केले की आमच्या गरजेची माणसं आम्ही निवडू, पीआर तुम्ही द्या. मॅनिटोबाने हे १९९८ पासून चालू केलं. आज क्यूबेक (त्यांचा कारभारच वेगळा) आणि नुनाव्हुत सोडून सगळीकडे असा प्रोग्राम आहे. म्हणजे नॉमिनेशन हे काही कमी स्कोअरवाल्यांसाठी ठेवलेलं मागचं दार नाहीये, तो प्रांत म्हणतोय की हे काम करणारा माणूस आम्हाला पाहिजे आणि तो इथेच राहायला पाहिजे. तू मात्र मेसेजमध्ये सात प्रांतांची नावं लिहून विचारलंयस की यातला सोपा कुठला. असं नको करूस. तू जे काम करतोस ते कुठे लागतं तिथून सुरुवात कर.

तुझं काम व्हीएमसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं. आता विंडसर बघ, ओंटॅरिओत डेट्रॉइटच्या अगदी समोर, तिथे मोल्ड आणि डाय बनवणाऱ्यांची अख्खी वसाहत आहे, आपल्या अंबड एमआयडीसीत एका गल्लीत चार टूलरूम असतात ना तशी. विनिपेगला विमानाचे पार्ट बनतात, बसेस बनतात, आणि तू तर ओझरच्या एचएएलच्या व्हेंडरकडे काम केलंयस, एरोस्पेसचं टॉलरन्स (माप किती इकडेतिकडे चालतं ते) आणि त्याची इन्स्पेक्शनची कागदं तुझ्या रोजच्या हाताखालची आहेत. सस्कॅचेवनला शेतीची अवजारं बनवणारे कारखाने आहेत. हे सगळं बसून वाच. माझा धाकटा भाऊ विनिपेगला असतो, जानेवारीत उणे तीसच्या खाली जातं, बसस्टॉपवर दहा मिनिटं उभं राहायचं म्हणजे काय ते त्याला फोन करून विचार, मी त्याला सांगून ठेवते. तिथे राहायची तयारी नसेल आणि मनात टोरांटोच असेल तर मॅनिटोबाला अर्ज करू नकोस. अर्जात तू लिहून देतोस की मी इथे राहणार, ते खोटं लिहायचं नसतं, आणि तुझी जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली असती हेही आहेच.

आणखी एक, प्रत्येक प्रांताची रीत वेगळी. मॅनिटोबा नातं विचारतो, तिथे जवळचा नातेवाईक किंवा मित्र आहे का, आधी तिथे शिकलायस किंवा काम केलंयस का, नाहीतर त्यांनी स्वतः तुला बोलावलेलं असावं लागतं. ओंटॅरिओ आतापर्यंत एक्स्प्रेस एंट्रीच्या पूलमधली प्रोफाइलं बघून आपणहून नोटिफिकेशन पाठवत आलाय. काही स्ट्रीमना, म्हणजे प्रोग्राममधल्या वेगवेगळ्या वाटांना, तिथल्या कंपनीची जॉब ऑफर लागतेच. काही नॉमिनेशन एक्स्प्रेस एंट्रीला जोडलेली असतात, त्यांचेच ते ६०० पॉइंट, आणि काही बेस असतात, त्यात पॉइंटचा प्रश्न नाही पण पीआरला वेळ बराच जास्त लागतो. स्ट्रीम उघडतात, बंद होतात, म्हणून यूट्यूबवर नाही, प्रांताच्या सरकारी साइटवर बघायचं, तेही दर आठवड्याला.

दिवस सोपे नाहीत हेही सांगते. २०२४ ला सगळ्या प्रांतांचं मिळून वर्षाला घ्यायच्या माणसांचं टार्गेट १,१०,००० होतं, २०२५ ला ते सरळ ५५,००० वर आणलं, आणि बऱ्याच प्रांतांनी आधीपासून कॅनडात काम करणाऱ्यांनाच पुढे घेतलं. २०२६ साठी ते ९१,५०० केलंय, म्हणजे दार परत थोडं उघडलंय, पण नाशिकमध्ये बसून अर्ज करणाऱ्याला कागद एकदम चोख ठेवावे लागणार. २०२५ च्या मार्चपासून जॉब ऑफरचे सीआरएस पॉइंटही काढून टाकलेत, त्यामुळे कुणी "जॉब लेटर देतो, पन्नास पॉइंट वाढतील" म्हणाला तर तिथूनच उठून ये.

आता मुख्य गोष्ट, तुझ्या कामाचा कोड. तू पाठवलेलं एक्स्पिरियन्स लेटर वाचलं. लेटरहेडवर चार ओळी, टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न, अमुक तारखेपासून व्हीएमसी ऑपरेटर म्हणून काम केलं, प्रामाणिक आहे, वर्तणूक चांगली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. अंबडला एचआरला असताना मीही अशी लेटरं टाइप होताना रोज बघायचे, सगळ्यांकडे एकच फॉरमॅट फिरतो. इथल्या नोकरीला ते चालतं. तिकडे या कागदाचं काहीच होणार नाही, उलट नुकसान होईल, कारण त्यात ऑपरेटर लिहिलंय. कॅनडाच्या एनओसी यादीत, म्हणजे कामांच्या सरकारी यादीत, मशिनिंग टूल ऑपरेटर ९४१०६ मध्ये येतो, तो टीअर ४ (टीअर म्हणजे कामाला लागणाऱ्या शिक्षण-अनुभवाची पायरी, ० सगळ्यात वरची), आणि एक्स्प्रेस एंट्रीला टीअर ० ते ३ पर्यंतचंच काम चालतं. मशिनिस्ट येतो ७२१०० मध्ये, तो टीअर २. मशीन तेच, पण एका कोडने दार बंद आणि दुसऱ्याने उघडं.

मग तू कोण? तुझ्या पगाराच्या स्लिपवर ऑपरेटर आहे कारण आपल्याकडे सगळ्यांनाच ऑपरेटर लिहितात, सेटरचा, म्हणजे मशीनवर जॉब लावून देणाऱ्याचा, ग्रेड दिला की पगार वाढवावा लागतो. पण तू शिफ्टला जाऊन करतोस काय? ड्रॉइंग वाचतोस, जॉब कसा आणि कुठे क्लॅम्प करायचा ते ठरवतोस, डायल लावून सरळ करतोस, वर्क ऑफसेट आणि टूल लेंथ ऑफसेट टाकतोस, फानुक कंट्रोलवर प्रोग्राममध्ये बदल करतोस, फर्स्ट पीस काढून हाइट गेज आणि बोअर गेजने स्वतः चेक करतोस, इन्सर्ट चिपायला लागलं की फीड आणि स्पीड बदलतोस, आणि मग तो सेट झालेला जॉब ऑपरेटरच्या ताब्यात देतोस. हे मशिनिस्टचं काम आहे. डेझिग्नेशन काय आहे याच्यापेक्षा तिकडचे अर्ज तपासणारे ड्युटीज बघतात, म्हणून ड्युटीज लिहिलेलं लेटर पाहिजे. त्यात कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल, रुजू झाल्याची तारीख, कुठली कुठली पोस्ट कधीपासून कधीपर्यंत, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार, आणि सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. ड्युटीज एनओसीच्या साइटवरून जशाच्या तशा उचलायच्या नाहीत, वाचणाऱ्याला लगेच कळतं, तू जे करतोस ते तुझ्या शब्दात.

पण एक नक्की, पहिल्या वर्षी तू खरंच फक्त जॉब लावून सायकल स्टार्ट दाबत होतास. ते वर्ष ऑपरेटर म्हणूनच दाखव. सेटर झाल्यापासूनचा अनुभव मशिनिस्टमध्ये धर, तेवढा पुरतोय. फेडरल स्किल्ड वर्करला, म्हणजे एक्स्प्रेस एंट्रीतल्या तुझ्या प्रोग्रामला, गेल्या दहा वर्षांतलं सलग एक वर्ष फुलटाइम लागतं, ते तुझ्याकडे आरामात आहे. खोटं पकडलं गेलं तर मिसरिप्रेझेंटेशन लागतं आणि पाच वर्षं बंदी येते, आणि तू न केलेलं काम लिहून तिथल्या शॉप फ्लोअरवर उभा राहिलास तर पहिल्याच सेटिंगला कळणार आहे.

काँट्रॅक्टरच्या रोलवरची जी वर्षं आहेत त्यांचं लेटर काँट्रॅक्टरकडूनच घ्यावं लागेल, कारण पगार तो देत होता, आणि त्यात कुठल्या कंपनीत काम केलं ते लिहून घे. जोडीला कंपनीच्या सुपरवायझरचं वेगळं पत्र मिळालं तर फारच छान. आणि या सगळ्याच्या मागे पुरावा उभा कर, यूएएन टाकून पीएफचं पासबुक काढ, ईएसआयसी, बँकेचं स्टेटमेंट, फॉर्म १६ असेल ते. पासबुकातली तारीख आणि लेटरमधली तारीख जुळते का ते आधी तू तपास. आपल्याकडे माणूस एक तारखेला लागतो आणि पीएफ तीन महिन्यांनी सुरू होतो, असं काही असेल तर ते एका साध्या पत्रात लिहून जोडायचं, लपवायचं नाही.

नावाचंही बघ. तुझ्या दहावीच्या आणि डिप्लोमाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर गिव्हन नेम वेगळं. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं आहे हे मला तुझ्या स्कॅनमध्येच दिसलं. अ‍ॅफिडेव्हिट करून ठेव. डब्ल्यूईएसला, म्हणजे आपलं शिक्षण कॅनडाच्या हिशोबात तपासून देणाऱ्या संस्थेला, मार्कशीटचं व्हेरिफिकेशन तू देऊन चालत नाही, ते डिप्लोमाच्या बोर्डाकडून थेट जावं लागतं, त्या एमएसबीटीईच्या कामाला वेळ धरून चाल. एकदा रिपोर्ट आला की पाच वर्षं चालतो, म्हणून हे सगळ्यात आधी कर.

आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग द्यायची, अ‍ॅकॅडमिक नाही. चारही मॉड्यूलला ६ आले की सीएलबी, म्हणजे कॅनडाची भाषेची पातळी, ७ होतो, तेवढं किमान पाहिजेच, पण खरी उडी सीएलबी ९ ला आहे, त्याला लिसनिंग ८ आणि बाकी तिन्ही ७. एका मॉड्यूलला ६.५ आला तरी उरलेल्यांचा उपयोग कमी होतो. मराठी मीडियमची आपली पोरं रायटिंगला अडकतात, तू रोज एक पत्र लिही आणि कुणाला तरी तपासायला दे, नुसते व्हिडिओ बघून रायटिंग येत नाही. रिझल्ट दोनच वर्षं चालतो. वयाचंही लक्षात ठेव, २९ पर्यंत पूर्ण पॉइंट, तिशीपासून दर वर्षी कमी होत जातात, आणि तू अठ्ठावीसचा आहेस.

पैशाचं तुझ्या वडिलांशी आत्ताच बोल. एकट्याला पंधरा हजार कॅनेडियन डॉलरच्या वर दाखवावे लागतात, आकडा दर वर्षी वाढतो, बायको धरली तर अजून जास्त. दिंडोरीची द्राक्षबाग कितीही मोलाची असली तरी सातबारा चालत नाही, पैसा खात्यात किंवा एफडीत आणि मोकळा पाहिजे, उसना नाही. बँक सहा महिन्यांचं सरासरी बॅलन्स लिहून देते, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात मामाकडून आणून टाकलेले लाख लगेच दिसतात. वडील द्राक्षाचे पैसे तुला देणार असतील तर गिफ्ट डीड करा आणि व्यापाऱ्याच्या पावत्या जपून ठेवा.

आणि लग्नाचं. स्थळं बघणं चालू आहे म्हणालास. प्रोफाइल टाकल्यावर लग्न झालं तर लगेच कळवायचं, आधी मी जातो आणि मग तिचं नाव टाकतो असं कधीही करू नकोस, अर्जात बायको दाखवलीच नाही तर नंतर तिला स्पॉन्सर करणं अडकतं. नॉमिनेशन आलं की स्वीकारायला ३० दिवस, इन्व्हिटेशन आलं की अर्ज भरायला ६० दिवस, त्यात पासपोर्ट ऑफिसची पीसीसी (पोलिसांचा दाखला) आणि आता मेडिकलसुद्धा आधीच लागतं, तेही त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडेच. मस्कतला तू वर्षभर होतास, तिथलीही पीसीसी लागणार, तिची चौकशी आत्ताच सुरू कर. द्राक्षाला आधीच्या खरड छाटणीला काडी तयार झाली नाही तर नंतरच्या गोड्या छाटणीला घड कुठून येणार, हे तुला मी सांगायला नको.

कन्सल्टंट घ्यायचा की नाही हा तुझा निर्णय. माझं मत विचारशील तर तुझी केस सरळ आहे, स्वतः भर. घ्यायचाच असेल तर कॅनडाच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या रजिस्टरवर त्या माणसाचं नाव शोध, समोर बसलेल्याचं, त्याच्या साहेबाचं नाही. लायसन नसलेल्याला पैसे घेऊन तुझी केस चालवताच येत नाही. जॉब ऑफरसाठी पैसे मागणं तिथल्या कायद्यात बसत नाही, एलएमआयएची (परदेशी कामगार घ्यायला कंपनीला लागणाऱ्या सरकारी मंजुरीची) हजार डॉलर फी कंपनीने भरायची असते, कामगाराकडून वसूल करायची नसते. आणि नॉमिनेशनची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, प्रांत ठरवतो.

या आठवड्यात एवढंच कर. सेटर झाल्यापासून तू रोज काय काय करतोस ते मराठीत, जसं सुचेल तसं लिहून मला पाठव, मशीनचं मेक आणि कंट्रोल, मटेरियल, टॉलरन्स सगळं टाक. इंग्रजी ड्राफ्ट आपण दोघं बसून करू, मग तो घेऊन तू प्लँट हेडकडे जा आणि सांग की यातलं एकही वाक्य खोटं नाही, तुम्ही स्वतः वाचून बघा आणि मगच सही करा. ते नाही म्हणाले तर मला फोन कर, मी बोलते त्यांच्याशी.

तुझी,
ताई