वलंदेज, डिंगमार आणि हॉलंड

प्रश्न असा आहे : मराठी राज्याच्या कारभारावरच्या ‘आज्ञापत्र’ या ग्रंथात टोपीकरांची, म्हणजे युरोपियांची, नावं येतात ती फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस (फ्रेंच), डिंगमार अशी. यातले वलंदेज म्हणजे डच की पोर्तुगीज? गोलंदाजाशी त्याचं काही नातं आहे का? आणि आज लिहिताना हॉलंड म्हणावं की नेदरलँड्स?

वलंदेज म्हणजे डचच. पोर्तुगीजांसाठी त्या यादीत ‘फिरंगी’ आहे. पण डचांचं नाव आपल्याकडे आलं ते पोर्तुगीजांच्याच तोंडून. त्यांच्या भाषेत हॉलंडचा माणूस तो ‘ओलांदेस’. लिहिताना सुरुवातीला ह असतो, पण तो उच्चारत नाहीत. त्या ‘ओ’चा आपण ‘व’ केला. शेवटच्या ‘एस’चा ‘एज’ झाला, जसा ‘इंग्लेस’चा इंग्रेज आणि मग इंग्रज. बंगालीत तर डचांना अजूनही ‘ओलंदाज’ म्हणतात. गोलंदाज मात्र वेगळ्या घरचा. तो फारसी : गोळा अधिक अंदाज, म्हणजे फेकणारा. तीरंदाज याच घडणीचा. वलंदेज तोफा चालवत म्हणून हे नाव पडलं, ही व्युत्पत्ती कानाला गोड लागते, पण खोटी आहे.

पोर्तुगीज जिथे जिथे आधी पोचले, तिथे डचांचं हेच झालं. जपानीत हॉलंड म्हणजे ‘ओरांदा’. 1641 पासून दोनशेहून जास्त वर्षं नागासाकीजवळच्या देजिमा या छोट्याशा बेटावर युरोपियांपैकी फक्त डचांनाच व्यापाराची मुभा होती, त्यामुळे पाश्चात्त्य विद्येलाच तिथे ‘रांगाकु’, म्हणजे हॉलंडची विद्या, असं नाव पडलं. इंडोनेशियात डच म्हणजे ‘बलांदा’. तिथल्या लांब नाकाच्या माकडालाही लोक ‘डच माकड’ म्हणत. राज्यकर्त्यांच्या नाकाची अशी नोंद दुसऱ्या कुणी घेतली असेल असं वाटत नाही.

आता हॉलंड. नेदरलँड्सचे प्रांत 12, त्यातले उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड हे फक्त दोन. 1840 पर्यंत हा एकच प्रांत होता. अॅमस्टरडॅम उत्तरेत, रॉटरडॅम आणि हेग दक्षिणेत. दर्यावर्दी व्यापाराचा मोठा भाग याच पट्ट्यातून चाले, म्हणून बाहेरच्यांनी सगळ्या देशालाच हॉलंड म्हटलं. 2020 पासून तिथल्या सरकारनेही जाहिरातींतून हॉलंड काढून टाकलं. तेव्हा देशासाठी नेदरलँड्स, आणि हॉलंड फक्त त्या पट्ट्यासाठी. नेदरलँड्स या नावाचा अर्थ सखल प्रदेश. देशाची सुमारे 26 टक्के जमीन समुद्रसपाटीखाली आहे. ‘निम्म्याहून जास्त’ असं सर्रास छापलं जातं, ते चूक : त्यात पुराचा धोका असलेली, पण समुद्रसपाटीच्या वर असलेली जमीनही धरलेली असते. युरोपातल्या नेदरलँड्सचं सगळ्यात उंच ठिकाण 322 मीटरचं. आपलं कोल्हापूर शहर साडेपाचशेच्या आसपास आहे, पन्हाळा तर लांबच राहिला.

लिहिताना बहुतेकांची गफलत होते ती ‘स’पाशी. डच लोक स्वतः ‘नेडरलांट’ असं एकवचन वापरतात. ‘स’ इंग्रजीतून आला. मराठीत तो ठेवला तरी देश एकच, म्हणून ‘नेदरलँड्सने जिंकला’, ‘नेदरलँड्समध्ये’. माणसं आणि भाषा डच. इतिहासावर लिहिताना मूळ उताऱ्यात वलंदेज जसाच्या तसा ठेवावा, आपल्या वाक्यात डच. ‘वेंगुर्ल्याची वलंदेजांची वखार’ म्हटलं तरी बिघडत नाही. तिचे अवशेष अजून उभे आहेत.

डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. पोर्तुगीजातलं ‘दिनामार्का’ घासून झालेलं रूप. त्यांचं मुख्य ठाणं तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला, 1620 पासून. 1845 मध्ये त्यांनी ते इंग्रजांना विकलं. कोकणात त्यांचा पसारा नव्हता, तरी करवीरच्या संभाजी छत्रपतींसाठी 1715 च्या सुमारास आज्ञापत्र लिहिताना रामचंद्रपंत अमात्यांनी त्यांना यादीतून वगळलं नाही.