नव्या गाडीला पीपीएफ: संपूर्ण, पुढच्या भागापुरती की मुळीच नको?

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीजवळ राहतो आणि तळोजा औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे. माजिवडा, मुंब्रा बायपास, शिळफाटा या मार्गाने रोज गाडीने जाणे-येणे होते. या महिन्यात गडद निळ्या रंगाची, ऑन-रोड सुमारे १४.५ लाखांची एसयूव्ही घेत आहे. शोरूमने संपूर्ण गाडीला पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म, म्हणजे रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावण्याचे १ लाख १० हजार रुपये सांगितले असून, डिलिव्हरीपूर्वीच निर्णय घ्या, नंतर हा भाव मिळणार नाही, असा आग्रह चालवला आहे. त्यापेक्षा २० हजारांत सिरॅमिक कोटिंग करून घ्यावे, असे धाकट्या भावाचे म्हणणे आहे. गाडी आठ-दहा वर्षे वापरायची आहे. हा खर्च करावा का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपला रोजचा मार्ग आणि गाडी दीर्घकाळ ठेवण्याचा आपला बेत पाहता पीपीएफ अवश्य लावून घ्यावी, मात्र ती गाडीच्या पुढच्या भागापुरती असावी, संपूर्ण गाडीला नव्हे. शोरूमच्या घाईला तर बळी पडूच नये, कारण हे काम डिलिव्हरीनंतर पंधरा दिवसांनी बाहेरच्या चांगल्या कारागिराकडूनही तितकेच उत्तम होते, आणि भावाची तुलना करण्यास अवधी मिळतो तो वेगळाच.

पीपीएफ म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. तिची जाडी सर्वसाधारणपणे १५० ते २०० मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कारखान्यातून आलेल्या गाडीवरचे रंगाचे सर्व थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात, आणि त्यातला सर्वांत वरचा, चमक देणारा क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचाच असतो. याचा अर्थ असा की फिल्म लावल्यावर रंगावर रंगाहूनही जाड आणि लवचिक असे एक आवरण चढते. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडीचा तुकडा त्यावर आदळला की त्याचा जोर फिल्म स्वतः झेलते, फार तर फिल्मला खड्डा पडतो, खालचा रंग शाबूत राहतो. उत्तम दर्जाच्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उन्हाने किंवा कोमट पाण्याने आपोआप बुजतात. मोठा दगड, दुचाकीचा धक्का किंवा खांबाला घासल्याने पत्र्याला पडणारा पोचा मात्र कोणतीही फिल्म टाळू शकत नाही.

आता आपल्या मार्गाचा विचार करू. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे काम वर्षानुवर्षे चालले आहे आणि खडी, माती वाहणारे डंपर तिथे नित्याचेच आहेत. मुंब्रा बायपास आणि शिळफाट्यावरून उरणच्या बंदराकडे जाणाऱ्या-येणाऱ्या कंटेनरची रांग असते, आणि पावसाळ्यात खड्डे बुजवण्यासाठी टाकलेली सुटी खडी दोन दिवसांत पुन्हा रस्त्याभर पसरते. अशा रस्त्यावर रोज अवजड वाहनांच्या मागे राहावे लागणाऱ्या गाडीच्या बॉनेटवर दोन-तीन वर्षांत पांढरे ठिपके दिसू लागतात, आणि गडद निळ्या रंगावर ते लपत नाहीत. बंपर प्लास्टिकचा असल्याने तिथे प्रश्न दिसण्यापुरताच राहतो. परंतु बॉनेट पत्र्याचे असेल, तर रंग पत्र्यापर्यंत उडाल्यावर खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत तिथे गंज धरण्यास फार काळ लागत नाही.

त्यावर कोणी म्हणेल की १ लाख १० हजारांत गाडीचे अनेक पॅनेल नव्याने रंगवून होतील, मग फिल्मचा खटाटोप कशाला? हा हिशेब रास्त आहे, आणि संपूर्ण गाडीला फिल्म लावू नये असे मी म्हणतो त्याचे कारणही हेच आहे. छत, मागचे दार, बाजूच्या दारांचा वरचा भाग यांना खडीचा मार क्वचितच बसतो. तिथला एखादा ओरखडा पॅनेलमागे काही हजार रुपयांत दुरुस्त होतो. पुढच्या भागाची गोष्ट निराळी आहे. कारखान्यात पत्रा नुसता असताना रंग साधारण १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो. गॅरेजमध्ये तयार गाडी तितकी तापवता येत नाही, कारण तिच्यात वायरी, प्लास्टिक, काचा असे सारे काही बसवलेले असते, त्यामुळे तिथला रंग ६०-७० अंशांवरच सुकवतात. दुरुस्तीचा रंग कितीही चांगला असला तरी मूळ रंगाची बरोबरी करत नाही. जिथे तो पुन्हापुन्हा उडणार हे ठाऊक आहे, तिथे मूळ रंगच वाचवणे शहाणपणाचे ठरते.

म्हणून बॉनेट, पुढचा बंपर, दोन्ही फेंडर (पुढच्या चाकांवरचे बाजूचे पत्रे), आरशांचे बाहेरचे भाग, आणि चाकांच्या मागे दारांच्या खाली असणारा पट्टा, इतक्यालाच फिल्म लावून घ्यावी. दारांच्या कडा आणि हँडलमागची खोलगट जागाही त्यातच उरकावी. चांगल्या फिल्मसह हे काम साधारण ३५ ते ५० हजारांच्या आसपास होते.

आपल्या भावाचा सल्ला चुकीचा नाही, पण तो वेगळ्या दुखण्यावरचा उपाय आहे. सिरॅमिक कोटिंगचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा असतो. त्याने पाणी आणि चिखल लवकर निथळतो, गाडी धुणे सोपे होते, पक्ष्यांची विष्ठा आणि झाडांचा चिकट स्राव रंगात मुरण्याआधी पुसता येतो. खडीच्या माऱ्यापुढे मात्र तो निरुपयोगी आहे. पुढे फिल्म आणि उरलेल्या भागावर कोटिंग, ही जोडी आपल्याला परवडण्यासारखी आहे.

या दोन्हींपेक्षा स्वस्त आणि माझ्या मते तितकाच महत्त्वाचा एक उपाय आपल्या सोसायटीतच आहे. पहाटे गाडी पुसणारा माणूस एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा-बारा गाड्या पुसतो, आणि आदल्या गाडीवरची वाळू आपल्या गाडीवर घासली जाते. गडद रंगाच्या गाड्यांवर उन्हात दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे बहुतांशी यातूनच येतात. त्या माणसाला दोष देण्याचे कारण नाही. त्याला आपण पाणी आणि वेळ दोन्ही तुटपुंजेच देतो. त्याला आपल्या गाडीसाठी दोन मायक्रोफायबर कापड द्यावेत, कोरडी धूळ कधीही पुसू नये असे समजावून सांगावे, आणि रोजऐवजी आठवड्यातून दोनदाच भरपूर पाण्याने धुण्यास सांगावे.

फिल्म निवडताना ती पॉलियुरेथेनचीच, म्हणजे टीपीयू, असल्याची बिलावर नोंद करून घ्यावी. बाजारात टीपीएच या नावाने मिळणारी स्वस्त फिल्म मुळात पीव्हीसीच्या जातीची असते. ती आपल्याकडच्या उन्हात लवकर पिवळी पडते, कडक होते आणि काढताना तुकड्यातुकड्यांनी निघते. परदेशी कंपन्यांप्रमाणेच आपल्या छत्रपती संभाजीनगरची गरवारे हाय-टेक फिल्म्सही पीपीएफ बनवते, त्यामुळे आयात मालच चांगला, या समजाला आता आधार उरलेला नाही. रोल आपल्यासमोर उघडावा, त्यावरचा क्रमांक कंपनीच्या वॉरंटीशी जुळवून पाहावा. वॉरंटी सहसा पिवळेपणा, भेगा, फुगे आणि सुटणाऱ्या कडा यांच्यापुरती असते; खडीने फाटलेली फिल्म तीत बसत नाही.

त्याहून अधिक लक्ष कारागिराकडे द्यावे. गाडीच्या मापाने यंत्रावर आधीच कापलेले तुकडे वापरणार की गाडीवरच ब्लेड चालवणार, हे स्पष्ट विचारावे; गाडीवर चालवलेले ब्लेड थोडे खोल गेले तर ज्या रंगासाठी हा खर्च, त्यालाच चीर पडते. जागा बंदिस्त आणि धूळविरहित असावी, बॉनेटच्या कडेला फिल्म आत दुमडलेली असावी, पार्किंग सेन्सर मोकळे राहावेत, आणि गाडीत पुढच्या बाजूस समोरच्या वाहनाचे अंतर मोजणारे रडार असेल तर त्यावर फिल्म चालते का ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. काम झाल्यावर आठवडाभर गाडी धुऊ नये. पावसाळा ऐन भरात असेल तर चार-सहा आठवडे थांबणेच इष्ट.

पुनर्विक्रीत हा पैसा वसूल होईल, या आशेवर निर्णय घेऊ नये. उलट जुन्या गाड्यांचे व्यापारी रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावतात, आणि फिल्ममुळे आकडा ३०० मायक्रॉनच्या घरात गेला की गाडीला अपघात झाल्याचा संशय घेतात. तेव्हा बिल जपून ठेवावे. अपघातात पॅनेल बदलले तर नव्या फिल्मचा खर्च विमा कंपनी देणार का, हेही आधी लेखी विचारून घ्यावे, कारण गाडीच्या विमा रकमेत फिल्म सहसा धरलेली नसते.

प्रश्न : माझी पांढरी हॅचबॅक पाच वर्षांची आहे. कोपरखैरणे ते वाशी एवढाच वापर आहे. गेल्याच आठवड्यात डावा फेंडर रंगवून घेतला. आता पीपीएफ लावावी का, आणि त्यासाठी आरटीओची परवानगी लागते का?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आपण लावू नये. शहरांतर्गत कमी वेगाच्या वापरात खडीचा मार बेताचाच बसतो, पांढऱ्या रंगावर बारीक ओरखडे उठून दिसत नाहीत, आणि पाच वर्षांत पडलेले ठिपके फिल्मखाली जसेच्या तसे दिसत राहतील. शिवाय नव्याने रंगवलेल्या पॅनेलमधील द्रावक उडून जाण्यास सुमारे महिनाभर लागतो. त्याआधी लावलेल्या फिल्मखाली फुगे येऊ शकतात आणि पुढे ती काढताना रंगही सोबत निघण्याचा धोका असतो. गाडी एकदा नीट पॉलिश करून वॅक्स लावून घेणे पुरेसे आहे.

परवानगीचे म्हणाल तर पारदर्शक फिल्मने गाडीचा नोंदणीकृत रंग बदलत नाही, त्यामुळे तिची नोंद करावी लागत नाही. रंगीत फिल्मने रंग बदलल्यास मात्र नोंदणी प्रमाणपत्रात तो बदल करून घ्यावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मबाबत दिलेला आदेश काचांविषयीचा आहे. बॉडीवरच्या पारदर्शक फिल्मशी त्याचा संबंध नाही.