पेव कुणाला दाखवायचं?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची चारही प्रकरणं वाचली. पानिपतावर लिहायला सगळे धावतात. 25 ऑक्टोबर 1802 ला, ऐन दिवाळीत, हडपसरला मराठी फौजाच एकमेकींवर तुटून पडल्या: एकीकडे होळकर, दुसरीकडे शिंदे आणि पेशवा. तिकडे फारसं कुणी वळत नाही. तू वळलीस, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

तुझी हडपसरची शेतकरीण लढाईच्या रात्री म्हणते, ‘या भाऊबंदकीनं राज्य बुडणार.’ हे वाक्य काढ. दुसरा बाजीराव पेशवा त्या वेळी सिंहगडाकडे पळत होता. इंग्रजांशी वसईचा तह व्हायला अजून दोन महिने होते, पेशवाई बुडायला सोळा वर्षं. हे तुला माहीत आहे, तिला नाही. तिच्या डोक्यात एकच हिशेब असणार: घोडी कुणाची, किती, आणि इथून हलणार कधी?

बाजू निवडायची घाई तुला झालेली दिसते. यशवंतराव होळकराची कड घ्यावीशी वाटणं मी समजू शकतो. एप्रिल 1801 मध्ये त्याच्या भावाला, विठोजीला, पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. कुणाचंही रक्त उसळेल. पण पुण्याच्या सावकाराच्या ओसरीवरून बघ. 1798 मध्ये शिंद्यांचं देणं भागवायला दौलतराव शिंद्याच्या सासऱ्यानं, सर्जेराव घाटग्यानं, शहर पिळलं, माणसांना तापल्या तोफेला बांधलं. 1802 मध्ये जिंकल्यावर यशवंतरावानं आधी शहराच्या रक्षणाला चौक्या बसवल्या, हेही खरं. बाजीराव परत येईना आणि फौजेचा पगार तर द्यायचाच, तेव्हा वसुली सुरू झाली. दारात उभा राहणारा शिपाई बदलला, मागणी तीच.

शिपायाचंही तसंच. तुझा शिलेदार आणि बारगीर एकसारखे बोलतात, एकसारखे लढतात. असं होत नाही, गं. शिलेदाराचं घोडं त्याचं स्वतःचं. ते मेलं की त्याची रोजी मेली. तो घोडं राखून लढेल. बारगीराचं घोडं सरकारी पागेतलं. तो जिवाला जपेल, घोड्याला कमी. आणि दोघांचेही पगार थकलेले. हा एवढा फरक नीट धरलास तर तुझी ती स्वामिनिष्ठेवरची दोन पानी भाषणं आपोआप गळून पडतील.

आता शेत. दिवाळीत तू तिला ज्वारीच्या कणसांमधून पळवलं आहेस. बाजरी तोवर निघालेली असते आणि शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, गुडघ्याएवढासुद्धा नसतो. कणसं कुठून येणार? पण याचा फायदा घे. तळ पडला की हजारो जनावरं तो कोवळा शाळू चरून टाकतात. तिचं घर जळलं नाही, कुणी मेलं नाही, तरी फाल्गुनात खळं रिकामं. पुढं 1803–04 चा दुष्काळ आला. पाऊस दगा देतोच, पण त्याआधी फौजांनी गावं धुऊन नेली होती. तुझी कादंबरी लढाईबरोबर संपते. मला वाटतं, तिथं ती जेमतेम सुरू होते.

म्हणून मी पेवावर अडून बसलोय. तुझ्या दुसऱ्या प्रकरणात ते एका ओळीत येऊन जातं. घरचं सगळं धान्य जमिनीखाली पुरलेलं, वरून शेणानं सारवलेलं, आणि ते कुठं आहे हे घरच्यांनाच ठाऊक. खंडणीसाठी पाटलाला ओलीस धरून नेलंय. वेशीवरचा महार वेसकर मार खाऊन बसलाय, त्याला कुणी विचारत नाही. दारात आलेला शिपाई मराठीच बोलतो, ‘आई, भाकर दे’ म्हणतो, कदाचित तिच्या माहेरच्या गावचा निघतो. पेव दाखवलं तर पोरं उपाशी. नाही दाखवलं तर पाटील परत येईल का? तिला शहाणी करू नकोस, शूरही करू नकोस. तिला चुकू दे.

पेव उघडतानाचा प्रसंग लिहिलास तर ध्यानात ठेव: झाकण काढल्याबरोबर कुणी आत उतरत नाही. आतली कोंडलेली हवा माणूस मारते. गावच्या माणसाला हे ठाऊक असतं, लुटायला आलेल्या परक्या पोराला कदाचित नसतं. त्याला सांगायचं की गप्प राहायचं, हे तिचं तिला ठरवू दे. (मला उत्तर कळवू नकोस, लिहूनच पाठव.)

राजेरजवाड्यांची पत्रं पुष्कळ वाचलीस, आता ती बाजूला ठेव. मोडी शीक आणि पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर बघ. सारा माफ करा म्हणून केलेले अर्ज, गावचे जमाखर्च असलं कोरडं काहीतरी वाच. कंटाळा येईल, येऊ दे.

लढाईचं प्रकरण सध्या तसंच राहू दे. आधी 1804 च्या उन्हाळ्यातलं तिचं घर लिही. त्यात कोण उरलंय आणि ती आता कुणाशी बोलत नाही, एवढं आलं तरी पुरे. संक्रांतीपर्यंत पाठवलंस तर मला वाचायला सवड आहे.

तुझा,
काका