मोठ्यांचं इंटससेप्शन: सोडवायचं की कापायचं?

प्रिय डॉक्टर,

इंटससेप्शन म्हणजे आतड्याचा एक भाग पुढच्या भागात दुर्बिणीच्या नळीसारखा शिरणं. मोठ्या माणसात ते झालं तर लहान मुलांच्या वॉर्डातली सवय चालत नाही. तिथे हवेच्या दाबाने आतडं मागे सरकलं की बहुतेकदा काम भागतं. मोठ्या माणसात मात्र त्याला आत ओढणारं काहीतरी सहसा असतंच: लायपोमा (चरबीची गाठ), पॉलिप (आतल्या अस्तरावरची वाढ), मेकेल्स (लहान आतड्याची जन्मजात पिशवी), लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर), नाहीतर मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरची पसरलेली गाठ.

तक्रार पुसट असते. पोट दुखतं, थांबतं, काही आठवड्यांनी पुन्हा दुखतं. लाल जेलीसारख्या शौचाची वाट पाहू नकोस. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन सीटी कर. कड्यात कडं (टार्गेट साइन) आणि मधे मेसेंटरीची, म्हणजे आतड्याला रक्त पुरवणाऱ्या पडद्याची, चरबी, रक्तवाहिन्या दिसल्या की निदान पक्कं. मग आत शिरलेल्या भागाचं टोक शोध. तिथे चरबीच्या घनतेची, साधारण उणे 50 ते उणे 100 हाउन्सफील्डची (सीटीवर घनता मोजायचं एकक) गुळगुळीत गाठ म्हणजे लायपोमा.

पण प्रत्येक टार्गेट साइनवर पोट उघडायचं नसतं. जेजुनममधलं (लहान आतड्याचा मधला भाग), 3.5 सेंटिमीटरहून आखूड, टोकाला गाठ नाही, वरचं आतडं फुगलेलं नाही, पेशंटही ठीक आहे, तर बहुधा ते आपोआप सुटतं. गॅस्ट्रिक बायपास (वजन कमी करण्याचं ऑपरेशन) झालेल्या पेशंटला हा दिलासा देऊ नकोस. तिथे गाठ नसतानाही आतडं काळं पडू शकतं.

ऑपरेशनचं ठरलं तर आधी रायल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), कॅथेटर, सलाइन, पोटॅशियमची दुरुस्ती. पोट उघडल्यावर पहिला मोह आतडं ओढून काढण्याचा होतो. ओढायचं नाही! सुजलेला सिरोसा (आतड्याचं बाहेरचं पातळ आवरण) तिथेच फाटतो. खालच्या टोकाकडून बोटांनी हलकेच दाबत आतला भाग वर ढकल. आतडं काळं, भुसभुशीत किंवा गाठ कॅन्सरची वाटली, तर सोडवत बसू नकोस. मेसेंटरीच्या पाचरीसह सगळं एकत्र काढ. मोठ्या आतड्यात शिरलेलं असेल तर माझं मत आणखी कडक आहे, कारण तिथे कॅन्सर बराच जास्त सापडतो.

सोडवलेलं आतडं कोमट सलाइनच्या मॉपखाली दहा-पंधरा मिनिटं ठेव. रंग, हालचाल, मेसेंटरीतली नाडी बघ. शंका उरली तर तेवढा भाग काढ. ओठांवर काळसर ठिपके असलेल्या प्युट्झ-जेघर्सच्या (आतड्यात पुन्हा पुन्हा पॉलिप होणारा आनुवंशिक आजार) पेशंटमध्ये मात्र कंजूषपणा कर: आतडं सोडव, छोटा छेद घेऊन पॉलिप काढ, कारण त्याच्यावर ही वेळ पुन्हा येऊ शकते.

जोड घेतल्यावर मेसेंटरीतली फट शिव, नाहीतर त्यातून दुसरं आतडं अडकेल. आणि बंद करण्याआधी डीजे फ्लेक्शरपासून (जेजुनमची सुरुवात) इलिओसीकल जंक्शनपर्यंत (लहान आतडं मोठ्याला मिळतं ती जागा) सगळं आतडं बोटांखालून घाल. पॉलिप आणि मेलानोमाच्या गाठी अनेकदा एकाहून जास्त असतात.