व्हायरस असलेली झिप फाईल नुसती उघडून पाहिली तर कॉम्प्युटरला लागण होते का?

यादी पाहिल्याने नाही. आतल्या फाईलवर डबल-क्लिक केलं तर हो. 'मी एक्स्ट्रॅक्ट केलंच नाही, नुसतं पाहिलं' असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा विनरारच्या (झिप आणि आरएआर फाईली उघडणाऱ्या प्रोग्रामच्या) विंडोत आतली पीडीएफ उघडलेली असते. ते पाहणं नव्हे.

झिपमधल्या फाईलींची नावं, आकार, तारखा ही सगळी यादी झिपच्या शेवटी वेगळी असते. प्रोग्राम तेवढीच वाचून दाखवतो. आतलं काही चालत नाही. डबल-क्लिक केलं की मात्र ती फाईल टेम्प (तात्पुरत्या फाईलींच्या) फोल्डरमध्ये एक्स्ट्रॅक्ट होते, म्हणजे बाहेर काढली जाते, आणि विंडोज तिथून ती उघडते.

'एक्झीला (प्रोग्राम फाईलला) हात लावू नका, फोटोने काय होतंय' हा सल्ला आता बंद करा. २०२३ साली विनरारमधली एक खोड वापरून शेअर आणि क्रिप्टोचे व्यवहार करणाऱ्यांना गाठलं गेलं. आर्काइव्हमध्ये (झिप किंवा आरएआरसारख्या गठ्ठा-फाईलमध्ये) एक साधी जेपीजी किंवा पीडीएफ, आणि अगदी त्याच नावाचं एक फोल्डर. नावाच्या शेवटी एक स्पेस, जी डोळ्याला दिसत नाही. फोल्डरात त्याच नावाची सीएमडी स्क्रिप्ट, म्हणजे विंडोजला आज्ञा देणारी फाईल. तुम्ही फोटोवर क्लिक करता, विनरार फोटोसोबत फोल्डरातलंही टेम्पमध्ये टाकतं, आणि त्या स्पेसमुळे फोटोऐवजी स्क्रिप्ट चालते. एप्रिलपासून हे चालू होतं. ऑगस्टमध्ये आलेल्या ६.२३ मध्ये ते बुजवलं.

नुसतं एक्स्ट्रॅक्ट करणंही निर्धोक नाही. २०१९ साली उघड झालेल्या, विनरारमधल्या एस (ACE) या जुन्या आर्काइव्ह फॉरमॅटच्या भोकातून फाईल थेट स्टार्टअप फोल्डरमध्ये जाऊन बसायची आणि पुढच्या लॉगिनला चालायची. ते ५.७० मध्ये बंद झालं. तसाच प्रकार पुन्हा निघाला, तो जुलै २०२५ च्या ७.१३ मध्ये बंद झाला. विनरार आपोआप अपडेट होत नाही, त्यामुळे हेल्पमध्ये अबाउट उघडून आवृत्ती बघा. ७.१३ च्या खालची असेल तर आजच काढून नवी टाका.

एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा, नाहीतर 'बिल.पीडीएफ.एक्झी' तुम्हाला 'बिल.पीडीएफ' दिसेल. मग सेव्हन-झिप (7-Zip) या आर्काइव्ह उघडणाऱ्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये ती उघडून नावं वाचा. नावाच्या शेवटी एक्झी, एससीआर, एलएनके, जेएस, व्हीबीएस, एचटीए (क्लिक करताच काहीतरी चालवणाऱ्या फाईली) यांपैकी काही दिसलं तर झिप तशीच डिलीट करा. आणि झिप म्हणून आलेली फाईल स्वतःच एक्झी असेल, तर डबल-क्लिकने यादी नाही, थेट प्रोग्राम सुरू होतो. तिच्यावर राइट-क्लिक करून सेव्हन-झिपनेच उघडा.

यादी पाहणं शंभर टक्के सुरक्षित, असं मी लिहिणार नाही. आर्काइव्ह वाचणाऱ्या कोडमध्येच चूक असू शकते. २०१८ मध्ये विंडोज डिफेंडरच्या (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या) इंजिनात आरएआर वाचणाऱ्या भागात तशी चूक सापडली. त्यात फाईल स्कॅन होणंही पुरेसं होतं. मायक्रोसॉफ्टने ती लगेच दुरुस्त केली. घरगुती वापरात हा धोका फार कमी, पण विंडोज अपडेट महिनोन्‌महिने अडवून ठेवू नका.

आणि ऑफिसांमधली ती पद्धत: झिपला पासवर्ड, आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये. याला सुरक्षा म्हणतात म्हणे! पासवर्ड असला की अँटिव्हायरसला आत बघता येत नाही, आणि व्हायरस पाठवणारे नेमकं हेच करतात. अशी झिप आली तर आधी पाठवणाऱ्याला फोन करा, तोही मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर.