दापोलीजवळच्या गावातल्या बेरोजगार मुलांना जवळचे रिसॉर्टवाले आणि कारखानदार यांच्याकडे काम कसं मिळवून द्यावं?

तुम्ही लिहिलंय की ग्रामविकास मंडळाने बारावी आणि आयटीआय झालेल्या मुलांची यादी केली, रोजगार मेळावा भरवायचं ठरवलं, पण "इथली मुलं टिकत नाहीत" असं सांगून मालक मंडळी तुमची बोळवण करतात. खेड-चिपळूण भागात मी हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेळावा सध्या थांबवा. आधी "टिकत नाहीत" म्हणजे नक्की काय होतं, ते शोधा. मालकाला विचारा, आणि काम सोडून घरी बसलेल्या मुलालाही वेगळं बसवून विचारा. लोट्याला, म्हणजे खेडजवळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसरी पाळी रात्री उशिरा सुटते, त्यानंतर वाडीवर जायला एसटी नसते. मुलगा काही दिवस कुणाच्या तरी दुचाकीवर येतो, पावसात तेही जमत नाही आणि तो काम सोडतो. यात आळस कुठे आला? अशा वेळी त्याच मार्गावरची चार-पाच मुलं एकाच पाळीला लावून घ्या, किंवा खेडमध्ये एक खोली भाड्याने बघा. मुलाला पगार किती हवा, हे विचारण्याआधी तो घरी कसा पोहोचणार ते बघा.

दुसरं कारण सणांचं. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी दारात येणार असेल तर मुलगा कामावर थांबणार नाही, घरात मान असेल तर नाहीच नाही. दापोलीच्या किनाऱ्यावरच्या कर्दे-मुरुडच्या रिसॉर्टवर होळीला जोडून सुट्ट्या आल्या की नेमकी तेव्हाच गर्दी होते. दोन्ही बाजूंना हे ठाऊक असतं, पण कामावर घेताना कुणी बोलत नाही. मग मुलगा न सांगता निघून जातो आणि मालकाचं मत पक्कं होतं. आम्ही सुट्टीचे दिवस पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतो. शिवाय एका रिसॉर्टला एकाच गावची सगळी मुलं देत नाही. पालखी प्रत्येक गावात वेगळ्या दिवशी फिरते, त्यामुळे आळीपाळीने सुट्टी देता येते. गणपतीत हे चालत नाही, तेव्हा सगळ्यांनाच घरी जायचं असतं. तिथे दीड दिवसांच्या गणपतीवाल्यांनी लवकर परतायचं आणि गौरी-गणपतीवाल्यांना मोकळं करायचं, असं आधी ठरवलं तर निभावतं.

कारखान्यात जाताना शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) कायद्याची माहिती घेऊन जा. कायदा 1961 चा आहे. आताच्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि 4 ते 29 माणसं असतील तर ऐच्छिक. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के भाग, महिन्याला कमाल 1500 रुपये, केंद्र सरकार देतं. छोट्या कारखानदाराला हे बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं, आणि ऑनलाइन नोंदणीची कटकट त्याला नको असते. तेवढी नोंदणी तुमच्या मंडळातल्या कुणी करून दिली तर तुमच्याशी बोलायला त्याच्याकडे वेळ निघतो. ओळख अशीच होते, निवेदन देऊन होत नाही.

बंदराचंही बघा. रत्नागिरी जिल्ह्यात बऱ्याच नौकांवर खलाशी नेपाळचे असतात, आंबा बागांची राखणही तेच करतात. आपली मुलं तिथे का जात नाहीत, याचं उत्तर मला पूर्ण पटेल असं अजून मिळालेलं नाही. पण बर्फ, मासळीची प्रतवारी, इंजिन दुरुस्ती या किनाऱ्यावरच्या कामांना आयटीआयवाले तयार होतात.

यादीत बायका नसतील तर घाला. काजू कारखान्यात किंवा आंबा प्रक्रियेत त्यांना काम मिळू शकतं, फक्त त्यांची मुलं शाळेत असतानाची वेळ मागून घ्या. मालकाची अडचण वेळेची कमी आणि रोज नक्की किती जणी येणार याची जास्त असते.

एका बाबतीत कडक राहा. पगार वेळेवर न देणाऱ्या, नेमणुकीचं पत्र टाळणाऱ्या मालकाकडे पुन्हा मुलगा पाठवू नका, तो कितीही ओळखीचा असला तरी. मुलाकडूनही एक रुपया घेऊ नका. पहिला महिनाभर दर आठवड्याला दोघांनाही फोन करा. जी मुलं काम सोडतात, त्यातली बरीचशी याच महिन्यात सोडतात, आणि बहुतेकदा कारण एका फोनने सुटण्यासारखं असतं.

रिसॉर्टवाल्यांकडे श्रावणात जा. तेव्हा त्यांची गर्दी कमी असते, निवांत बोलता येतं, आणि दिवाळीच्या हंगामासाठी माणसं कुठून आणायची याचा विचार त्यांच्या डोक्यात सुरू झालेला असतो.