ओड्वायरमधला 'ओ' आणि जनरल डायर

प्रश्न असा आलाय की जालियनवाला बागेच्या संदर्भात कुठे 'डायर' वाचायला मिळतं, कुठे 'ओडवायर', तर ही एकाच आडनावाची दोन रूपं आहेत का, आणि तो सुरुवातीचा 'ओ' नक्की काय आहे, मिस्टरसारखा काही किताब की कशाचा शॉर्टफॉर्म?

आधी सरळ उत्तर देतो. नाही, ही दोन वेगळी माणसं आणि दोन वेगळी आडनावं, आणि भाषाही दोन वेगळ्या. डायर इंग्लिश, ओड्वायर आयरिश.

डायर आपल्याला लगेच कळण्यासारखं आहे. डाय म्हणजे रंग, कपडे रंगवणारा तो डायर, म्हणजे आपला रंगारी. पुण्याचे भाऊसाहेब रंगारी मूळचे जावळे, पण घरचा धंदा शालू रंगवायचा म्हणून रंगारी झाले, अगदी त्याच वाटेने इंग्लंडमध्ये डायर हे आडनाव पडलं. धंद्यावरून पडलेलं नाव, विषय संपला.

ओड्वायरची गोष्ट मात्र लांबची आहे आणि मला फार आवडते. आयरिश भाषेत हे नाव साधारण 'ओ दिव्हिर' असं म्हणतात. त्यातला 'ओ' हा पूर्ण शब्द आहे, अर्थ नातू, आणि पुढे ताणून वंशज. मॅक म्हणजे मुलगा आणि ओ म्हणजे नातू, हे दोन शब्द लक्षात ठेवले की अर्धी आयरिश आडनावं उलगडतात. आपल्याकडे नातू हे आडनावच आहे, पण कोणाचा नातू ते त्यात सांगितलेलं नसतं, आयरिश लोक मात्र त्या आजोबांचं नाव पुढे लावतात. आयरिश लिखाणात या ओच्या डोक्यावर एक तिरकी रेघ असते, स्वर दीर्घ आहे हे दाखवणारी. इंग्रजी लिखाणात ती रेघ गेली आणि ओच्या पुढे वरती स्वल्पविरामासारखं चिन्ह आलं, ते बघून लोकांना वाटतं की इथे काहीतरी गाळलंय, 'ऑफ'चं छोटं रूप असेल. गाळलेलं काहीच नाही.

मग हा आजोबा कोण? त्याच्या नावाचे दोन तुकडे सांगतात, पहिला 'दुव' म्हणजे काळा आणि दुसरा 'ओर' म्हणजे भुरा, मळकट तपकिरी. म्हणजे सावळ्या-भुऱ्या रंगाचा माणूस. आपल्याकडे काळे, गोरे, पिंगळे आहेत तसंच हे. हा 'दुव' एकदा ओळखीचा झाला की जागोजागी भेटतो, डब्लिन म्हणजे काळा डोह, आणि डॉईल म्हणजे काळा परका, समुद्रावरून आलेल्या व्हायकिंग लोकांना दिलेलं नाव.

बायकांच्या बाबतीत आयरिश भाषा आणखी पुढे जाते. मुलगी असेल तर 'ओ' जाऊन 'नी' येतो आणि पुढचा 'द'सुद्धा बदलतो, घशातून घासत येणारा ग़ होतो, म्हणजे 'नी ग़िव्हिर'. लग्न होऊन आली असेल तर 'ई ग़िव्हिर'. आपण बोलताना जोशीण, कुलकर्णीण, पाटलीण म्हणतो, पण ते बोलण्यापुरतंच, तिकडे आयरिशमध्ये नाव लिहिणारी बाई सहीसुद्धा अशीच करते.

या घराण्याचा मुलूख म्हणजे टिपरेरी काउंटीचा पश्चिम भाग, किल्नामानाह, अर्थ भिक्षूंचं रान. इंग्रजांचं राज्य पक्कं झाल्यावर सतराव्या-अठराव्या शतकात बऱ्याच घराण्यांनी नावापुढचा ओ टाकून दिला, आयरिशपणा जितका कमी दिसेल तितकं बरं असा तो काळ, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी भाषेची चळवळ उभी राहिली तेव्हा कित्येकांनी तो परत लावला. म्हणून आज ड्वायर आणि ओड्वायर दोन्ही दिसतात, नाव तेच.

आता आपल्या डोक्यात बसलेला ओड्वायर. सर मायकेल ओड्वायर, जन्म १८६४, टिपरेरीतलाच, कॅथलिक शेतकरी घरातला, १९१३ ते १९१९ पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर. १३ एप्रिल १९१९ ला बागेत गोळीबाराचा हुकूम दिला तो रेजिनाल्ड डायरने, आणि ते बरोबरच केलं असं कळवलं ते या ओड्वायरने. गोंधळ वाढायला कारणंही तशीच आहेत, दोघांचं जन्मवर्ष १८६४ च, डायर जन्मला मरी या गावी, आता ते पाकिस्तानात आहे, पण शाळा शिकला आयर्लंडमध्ये, कॉर्क काउंटीतल्या मिडल्टनला, त्यामुळे कोणी कोणी त्यालाही आयरिश म्हणून टाकतं. डायर १९२७ ला आजारी पडून मेला. उधमसिंगांनी १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ज्याला गोळ्या घातल्या तो ओड्वायर. माझ्या भाचीच्या वहीत 'उधमसिंग यांनी जनरल डायरला मारले' असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं आणि त्यावर बाईंची लाल टिकमार्क होती, तेव्हापासून हा विषय माझ्या मनात घर करून आहे. उधमसिंग फाशी गेले, निदान त्यांनी कोणाला मारलं एवढं तरी आपण नीट लिहायला हवं.

पण त्या एका माणसावरून अख्खं आडनाव ओळखू नका. मायकेल नावाचाच दुसरा ड्वायर आहे, विकलोच्या डोंगरातला, १७७२ चा जन्म, १७९८ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला आणि उठाव मोडल्यावरही पाच वर्षं डोंगर न सोडलेला. फेब्रुवारी १७९९ मध्ये डेरिनामक नावाच्या वस्तीत एका गवताने शाकारलेल्या घरात तो साथीदारांबरोबर असताना रात्री सैनिकांनी वेढा घातला. घराला आग लागली, बरोबरचे पडले, सॅम मॅकॲलिस्टर नावाच्या साथीदाराचा हात गोळीने निकामी झालेला. त्या काळची बंदूक एकदा झाडली की परत ठासायला वेळ लागायचा. मॅकॲलिस्टर आपण होऊन दारात उभा राहिला, सगळ्या गोळ्या त्याने अंगावर घेतल्या आणि सैनिक बंदुका ठासेपर्यंतच्या त्या थोड्या वेळात ड्वायर अनवाणी बर्फातून पळाला. हे वाचताना मला दर वेळी बाजीप्रभू आठवतात. ड्वायरसारख्या बंडखोरांपर्यंत फौज पोचावी म्हणून इंग्रजांनी त्या डोंगरातून रस्ता बांधला, तो आजही मिलिटरी रोड म्हणूनच ओळखला जातो. १८०३ च्या डिसेंबरात ड्वायर शरण आला आणि १८०६ ला त्याला ऑस्ट्रेलियाला पोचवलं, ज्या जहाजातून नेलं त्याचं नाव टेलिचेरी, आपल्या केरळातल्या थलासेरीचं इंग्रजी नाव. तो १८२५ ला तिकडेच वारला, सिडनीच्या वेव्हर्ली कब्रस्तानात त्याची समाधी आहे.

लिमरिकचे बिशप एडवर्ड ओड्वायर हेही आठवतात, १९१६ च्या डब्लिन उठावानंतर इंग्रज सेनापती जनरल मॅक्सवेलने त्यांना दोन पाद्रींवर कारवाई करायला सांगितलं तेव्हा त्यांनी पत्र लिहून साफ नकार दिला. त्या वेळी पंजाबात मायकेल ओड्वायरचाच कारभार चालू होता. अमेरिकेत विल्यम ओड्वायर, मेयो काउंटीतून १९१० ला न्यूयॉर्कला गेलेला, पोलीस, मग वकील आणि १९४६ ला शहराचा मेयर. पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो डॉक्टर जोसेफ ओड्वायर. घटसर्पाने पोरांचा घसा बंद व्हायचा तेव्हा बाहेरून गळ्याला छेद देण्याशिवाय फारसा इलाज नव्हता, यांनी न्यूयॉर्कच्या अनाथ मुलांच्या दवाखान्यात १८८० च्या दशकात तोंडातून स्वरयंत्रात बसेल अशी छोटी धातूची नळी तयार केली, माप चुकलं तर परत वेगळी, असं करत करत जमवली. आज आयसीयूत 'ट्यूब टाकली' म्हणतात त्यामागे यांचीही मेहनत आहे.

राहिलं लिहायचं कसं. इंग्रजी उच्चार 'ओड्वायर', म्हणून ड पाय मोडून लिहावा, 'ओडवायर' वाचताना ड पूर्ण म्हटला जातो. मराठीत वरचं चिन्ह नको, आपल्याला त्याचा उपयोग नाही, पण ओ मात्र टाकू नये आणि सुटाही लिहू नये, 'ओ ड्वायर' लिहिलं की ते हाक मारल्यासारखं दिसतं.